कारण : विनंतीवरून

ऑक्टोबरातल्या त्या दुपारी मी विभागात अंतर्गत परीक्षेच्या गुणांची यादी तपासत बसलो होतो, तेवढ्यात कोणीतरी समोर एक कागद धरला. 'नो ड्यूज'चा, म्हणजे कॉलेजचे काही देणे बाकी नसल्याचा, तो अर्ज मी गेली बावीस वर्षे पाहत आलो आहे. वरती विद्यार्थ्याचे नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक, खाली ग्रंथालय, जिमखाना, राष्ट्रीय सेवा योजना, प्रयोगशाळा, लेखा विभाग आणि विभागप्रमुख अशा रांगेने सह्यांच्या जागा. ग्रंथालयाची सही हिरव्या शाईत होती आणि जिमखान्याच्या शिक्क्याची शाई अजून ओली असल्यामुळे कागदाच्या घडीवर त्याचा अर्धा ठसा उलटा उमटला होता. विभागाचा नकाशासंग्रह त्याच्याकडे नाही, एवढे मी मनाशी पडताळले, सही केली आणि कागद परत दिला. 'थँक्यू सर' असे काहीतरी ऐकू आले. मी मान वर केली तेव्हा दारात फक्त पाठ दिसली, निळ्या चौकटीच्या शर्टाची, खांद्यावर शिवण उसवलेली.

तीन दिवसांनी द्वितीय वर्षाच्या वर्गात हजेरी घेताना एका नावाला उत्तर आले नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, त्यानं दाखला काढला. कारखान्याला गेला."

तास संपल्यावर मी कार्यालयात गेलो आणि दाखल्यांच्या पुस्तकातली स्थळप्रत पाहायला मागितली. ताईंनी ती काढून दिली, पण मी हे का मागतो आहे ते त्यांना कळले नाही, आणि मलाही नीट सांगता आले नसते. नाव, आईचे नाव, जन्मतारीख अक्षरी व अंकी, जन्मस्थळ तालुका पाथर्डी. प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. आणि त्याखाली, महाविद्यालय सोडण्याचे कारण : विनंतीवरून. मी आणखी पाने उलटली. त्या पुस्तकातल्या जवळपास प्रत्येक दाखल्यावर तोच शब्द होता. ताईंचे अक्षर सुंदर आहे, वेलांटी त्या मोठ्या निगुतीने काढतात. जून महिन्यात पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाला गेलेल्या मुलीच्याही समोर तोच शब्द होता, आणि अर्ध्या सत्रात वही मिटून निघून गेलेल्या मुलाच्याही समोर तोच. "दुसरं काय लिहायचं सर?" त्यांनी विचारले. "पहिल्यापासून असंच लिहितात."

पहिल्यापासून असेच लिहितात, हे खरेच आहे. माझ्या मोठ्या बहिणीचा दाखला १९९१ सालचा आहे. ती कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती, संस्कृत घेतले होते आणि शब्दरूपे चुलीपुढे भाकरी थापताना मोठ्याने म्हणायची. दिवाळीत तिचे लग्न ठरले आणि वडील एकटेच महाविद्यालयात जाऊन दाखला घेऊन आले. तो कागद पुढे वीसेक वर्षे ट्रंकेच्या तळाशी लग्नातल्या शालूच्या घडीत होता. पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा लागला तेव्हा तो बाहेर निघाला. तिने तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला, कारण चष्मा आत राहिला होता, आणि मग मला विचारले, "ही विनंती कोणी केली होती रे?" मी त्या वेळी काही बोललो नाही. वडील शेजारच्या खोलीत आजारी होते आणि बहिणीच्या आवाजात राग नव्हता, नुसते कुतूहल होते. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते की, आपल्या वतीने असे कोणते वाक्य, कोणापुढे, कोणत्या शब्दांत उच्चारले गेले असेल.

तो प्रश्न मला त्या दुपारी पुन्हा आठवला, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवली, ती अधिक टोचणारी होती. हा मुलगा माझ्या मार्गदर्शक यादीत होता. आमच्याकडे प्रत्येक शिक्षकाकडे तीस-बत्तीस विद्यार्थी नेमून दिलेले असतात, त्यांची एक नोंदवही असते आणि तिच्यात 'विद्यार्थ्याच्या अडचणी' व 'केलेली उपाययोजना' असे दोन रकाने असतात. मूल्यांकन समिती यायची असली की त्या वह्या पूर्ण होतात. त्याच्या पानावर माझ्याच हस्ताक्षरात लिहिले होते, 'आर्थिक अडचण. मार्गदर्शन केले.' काय मार्गदर्शन केले ते मला आठवेना. बहुधा शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरायला सांगितले असेन.

त्याच्या मित्राकडून बाकीची हकीगत कळली. त्याचे आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. या वर्षी पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन झाली होती, तिच्यातून बहिणीच्या लग्नाचे देणे फिटले होते, आणि सप्टेंबरात वडील ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले. कंबरेला मार बसला. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकटे माणूस असले तर अर्धा कोयता. उचल पूर्ण कोयत्याची घेतली होती आणि टोळीत आता फक्त आई उरली होती. दुसरा अर्धा कोयता घरात हाच होता. यात मला न समजण्यासारखे काही नव्हते. मी भूगोल शिकवतो. हंगामी स्थलांतर हा माझ्या अभ्यासक्रमातला घटक आहे आणि मराठवाड्याच्या व नगरच्या दुष्काळी पट्ट्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाणारे बाण मी दरवर्षी फळ्यावर काढतो. ऑगस्टमध्ये मी ते बाण काढले तेव्हा तो तिसऱ्या बाकावर बसून आपल्या वहीत ते उतरवून घेत होता. त्याची वही नीटनेटकी असे, बाणांची टोकेसुद्धा तो पट्टीने काढत असे.

मात्र मित्राने शेवटी जे सांगितले त्याने मला रात्री झोप लागू दिली नाही. "सर, तो नाव काढणार नव्हता. पण नाव ठेवलं तर दुसऱ्या सत्राची फी अंगावर बसते असं त्याला कोणीतरी सांगितलं. आणि न येता नाव ठेवलं की मग दाखलाच देत नाहीत म्हणे." एवढ्या ऐकीव माहितीवर एकोणीस वर्षांच्या मुलाने सहा टेबलांवर जाऊन सहा सह्या घेतल्या होत्या. त्यांतली एक माझी होती.

सहा टेबले. एकाही ठिकाणी त्याला कोणी 'बस' म्हटले नव्हते.

त्याला खरे काय सांगता आले असते, याची मी त्यानंतर पुष्कळ उजळणी केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे की, कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. म्हणजे त्याची दुसरी भीती बहुधा निराधार होती. प्रवेशाची अंतिम मुदत उलटून तीस दिवस झाले की त्याच नियमाप्रमाणे भरलेली फी परत मिळत नाही, हेही त्याला सरळ सांगायला हवे होते, म्हणजे घाईघाईने नाव काढून पैसा काही सुटणार नाही हे त्याच्या ध्यानात आले असते. पहिले वर्ष त्याने सगळ्या विषयांत उत्तीर्ण होऊन पूर्ण केले होते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक (क्रेडिट) मिळवलेला विद्यार्थी ४ श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम जोडून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकतो, तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करू शकतो. २०२१ पासून त्यासाठी श्रेयांकांची पेढी आहे. त्याचे श्रेयांक त्या पेढीत जमा आहेत आणि तो ऊस तोडत असतानाही ते त्याच्याच नावावर राहणार आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करत शिकणाऱ्यांसाठीच उभे आहे, तिकडे वळायचा रस्ताही होता. हे सगळे आम्हांला प्रशिक्षण वर्गांत सांगितले गेले आहे, त्याची सादरीकरणे आमच्या संगणकांत आहेत, आणि प्रवेशाच्या दिवशी तो तक्ता फलकावर लावलेला असतो. मुलाने आमच्यापुढे अर्ज धरला त्या दिवशी मात्र तो तक्ता कोणीच त्याच्यासमोर उघडला नाही. या धोरणात बाहेर पडण्याचे दार कागदावर नीट आखलेले आहे. परंतु त्या दाराशी कोणीतरी माणूस बसवावा लागतो, आणि ते काम कोणाचे हे आमच्या एकाही कार्यविभागणीत लिहिलेले नाही.

जून महिन्यात आम्ही गावोगाव जातो. कला शाखेला विद्यार्थी कमी होत चालले आहेत, विद्यार्थीसंख्या घसरली की तासिकांचा कार्यभार घटतो आणि शिक्षकांची पदे धोक्यात येतात, म्हणून उन्हातान्हात माहितीपत्रके घेऊन आम्ही बारावीच्या मुलांच्या घरी जातो, ओट्यावर बसतो, चहा घेतो आणि आईवडिलांना समजावतो. या मुलाच्या घरीही मी गेलो होतो. पत्र्याचे घर, दारात शेवग्याचे झाड, आणि त्याच्या आईने स्टीलच्या पेल्यात दिलेले ताक. "शिकव बाबा, तुमच्या हवाली," असे ती म्हणाली होती. तिचे ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात, आणि ऑक्टोबरात आमच्यापैकी कोणीही कोणाच्याही ओट्यावर जात नाही हेही आठवते.

असे असले तरी, मी त्याला थांबवायला हवे होते असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. 'काहीही कर, पण शिक्षण सोडू नकोस' हे वाक्य उच्चारायला सोपे आहे आणि मी ते अनेकदा उच्चारले आहे. पण उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते, मुकादम आईला अर्ध्या कोयत्यावर नेणार नाही किंवा नेलेच तर दुसऱ्याच कोणाच्या जोडीला लावील, याचा हिशेब माझ्या वाक्यात कुठे आहे? ऊसतोड कामगारांच्या लहान मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. संत भगवानबाबांच्या नावाने एकेचाळीस तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहे मंजूर झाली, ती चांगलीच गोष्ट आहे. त्या योजनेमागचा विचार असा की, आईबाप फडावर जातील पण मूल मागे राहून शिकेल. इथे बापाच्या जागी मूलच फडावर चालले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका'चा पाया घातला तो मुलांना कमावण्याची गरज असते हे मान्य करूनच, आणि आजही विद्यापीठाची ती योजना त्यांच्याच नावाने चालते. पण ग्रंथालयात पुस्तके लावून मिळणाऱ्या मानधनातून उचल फिटत नाही. त्याला जाणे भागच होते असे मला आज वाटते. जाताना परत येण्याची वाट त्याला कोणी दाखवली असती, तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

आपल्या बोलण्यात थांबण्याला चांगला शब्दच नाही. वर्ष वाया गेले, वर्ष बुडाले, मागे पडला, शिक्षण सुटले. पुण्यात मी एम. ए. करत असताना सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो. आमच्या खोलीत अभियांत्रिकीचा एक मुलगा होता. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले म्हणून त्याला तिसऱ्या वर्षात जाता आले नाही, त्यांच्या भाषेत त्याचा 'वायडी' झाला. त्याने ते घरी सांगितले नाही. वर्षभर तो रोज सकाळी साडेसातला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग खांद्याला लावून बाहेर पडायचा आणि सारसबागेत जाऊन बसायचा. दुपारी डबा आला की खोलीवर यायचा, जेवायचा आणि पुन्हा निघायचा, कारण घरमालकाच्या ओळखीचे कोणीतरी त्याच्या गावचे होते. मनीऑर्डर आली की सही करताना त्याचा हात थरथरायचा. परीक्षेच्या वेळी ते दोन विषय सुटलेही, पण तोवर त्याच्यातले काहीतरी संपले होते. मे महिन्यात तो गावी गेला आणि परत आला नाही, त्याची गादी आम्ही पुढच्या मुलाला वापरायला दिली. पुष्कळ वर्षांनी भेटला तेव्हा म्हणाला की, एखाद्या सरांनी नुसते बोलावून 'हे वर्ष घरी राहा, वडिलांशी मी बोलतो' एवढे म्हटले असते तरी मी वाचलो असतो. वाचलो असतो, हाच शब्द त्याने वापरला.

माझी भाची इंग्लंडमध्ये शिकत असताना तिला मधेच थांबावे लागले. तिथे त्यासाठी रीतसर प्रक्रिया आहे, एका सल्लागार बाईंनी तिला दोनदा बोलावले, फी, वसतिगृह आणि व्हिसा या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून समजावल्या. अभ्यासातला खंड साठ दिवसांहून अधिक झाला तर विद्यार्थी व्हिसाचे प्रायोजकत्व साधारणपणे काढून घेतले जाते, म्हणून तिला मायदेशी यावे लागणार होते आणि ते त्यांनी न लपवता सांगितले. तिथली सगळी व्यवस्था सुखाची आहे असे ती म्हणत नाही, त्या आठवड्यांत ती फार रडली होती. पण तिने मला तो अर्ज दाखवला तेव्हा माझी नजर एका ओळीवर अडकली होती. त्यावर परतीची तारीख लिहायची जागा होती.

आमच्या महाविद्यालयात समुपदेशन कक्ष आहे. जिन्याखालची ती खोली, दारावर पाटी, आत दोन खुर्च्या, आणि गेल्या काही वर्षांत तिथे साठत गेलेली जुन्या उत्तरपत्रिकांची गाठोडी. किल्ली कोणाकडे असते याची मी त्या आठवड्यात चौकशी केली तेव्हा ती मिळायला दोन दिवस लागले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आमच्याकडे तो यायचा तेव्हा येईल. तोवर मी आणि इतिहासाच्या मॅडम अशा दोघांनी ती गाठोडी हलवली, जाळी पुसली आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून दाराच्या बाहेरच्या बाजूला लावला. 'नो ड्यूज'च्या अर्जावर सह्या सुरू होण्याआधी विद्यार्थ्याने या खोलीत येऊन पंधरा मिनिटे बसावे, असा एक अर्ज मी प्राचार्यांना दिला आहे. तो अजून विचाराधीन आहे. आणखी एक टेबल वाढले, आणखी एक सही वाढली, असेच त्याचे होऊन बसेल की काय, ही शंका मला स्वतःलाही आहे.

जानेवारीत एका रविवारी मी त्याला फोन लावला. त्याआधी चार वेळा लावला होता आणि चारही वेळा संपर्क क्षेत्राबाहेर आला होता. या वेळी त्याने उचलला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता, कोणीतरी मोळ्या मोजत होते. निपाणीच्या पुढे कुठेतरी त्यांची टोळी होती. मी नाव सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि मग घाबरून म्हणाला, "सर, काही राहिलंय का? ग्रंथालयाचं एक पुस्तक मी मित्राकडं दिलं होतं." मी म्हटले, तुझे काही राहिलेले नाही. मग मी त्याला श्रेयांकांचे सांगितले, मुक्त विद्यापीठाचे सांगितले, तिसरे सत्र पुन्हा जूनमध्येच सुरू होते हे सांगितले. मला वाटत होते त्यापेक्षा माझे बोलणे फार लांबले, आणि त्याच्या 'हो सर, हो सर'मध्ये मला वर्गातला तोच आवाज ऐकू येऊ लागला, न कळताही हो म्हणणारा. म्हणून मी थांबलो.

"वडिलांची कंबर कशी आहे?"

"बसतेत आता. उभं ऱ्हायला काठी लागती." मग थोडे थांबून, "सर, हाताची बोटं लई फुगलीत. पेन धरता येईल का नाही काय म्हाईत."

मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. दाखला कुठे आहे असे मी विचारले तेव्हा म्हणाला, घरी पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय, पाण्याने खराब होऊ नये म्हणून. तोच घेऊन यायचा का, की नवीन काढावा लागतो, हे त्याने दोनदा विचारले. तोच चालेल, असे मी त्याला सांगितले. पलीकडून कोणीतरी त्याला हाक मारली, बहुधा त्याची आई.

"सर, मॅसेज करून ठेवा तारीख," तो घाईने म्हणाला. "जूनची. हितं रेंज सांजच्यालाच येती, तव्हा बघतो."